कांबळेमामांची अँबॅसिडर कोकनात

गाडी चालवन्यात माझा हात धरनारा अख्ख्या सोलापुरात कुनी न्हाय. शेजारी बसलेला मानूस दाराचं हँडल धरतो, आनि एकदा उतरला की पुन्यांदा बसत न्हाय.

मी शिवा. मूळचा मैंदर्गीचा, घरी मेंढरं. मेंढरांच्या मागं फिरता फिरता शाळा कुटं राहिली ती आजून सापडली न्हाय. आता भवानी पेठेत गाड्यांची सीट कव्हरं शिवतो. रेक्झिन कसलंबी आना, शिवून देतो. गाडी चालवनं ही येगळी गोष्ट. ते मला येतंय असं एकटा मीच म्हनतो.

ह्या हिवाळ्यात आमी मंडळाची मानसं दोन गाड्या घिऊन कोकनात जाऊन आलो. जे आले न्हाईत ते रोज दुकानात येऊन इचारायला लागले, म्हनून सगळंच सांगून टाकतो. ऐकून कुनाला जावंसं वाटलं तर खुशाल जावा. मला फकस्त बलवू नका.

सोलापूर

मंडळ म्हंजे जुन्या गाड्यांचं मंडळ. नोंदनी न्हाय, पावती न्हाय, अध्यक्षबी न्हाय. अक्कलकोट रोडला एमआयडीसीच्या अलीकडं दस्तगीरभाईचं गॅरेज हाय. तितं जुनी गाडी एकदा आत गेली की लवकर भाईर येत न्हाय. मग मालकानं काय करायचं, स्टुलावर बसून वाट बघायची. अशी वाट बघता बघता आमची वळख झाली आनि वळखीचं मंडळ झालं. नरसय्या अण्णा टावेलाचे माग चालवायचे, त्यांची फियाट. माझी आपली मारुती. तिला ही मानसं जुन्या गाडीत धरत न्हाईत, नुसती खराब गाडी म्हनत्यात. आनि कांबळेमामांची पांढरी अँबॅसिडर.

मामा एसटीत डायवर हुते. रिटायर झाले आनि सरकारी लिलावातनं ही गाडी घेतली. ज्या सीटवर सायेब लोक बसायचे तितं मामी बसायला लागल्या. मंडळाचे नियमबी मामांचेच. सगळ्यात मंद गाडी पुढं. मेस्तरी सगळ्यात मागं, म्हंजे कुनाचा धूर कसला येतोय ते त्याला दिसतंय. आनि एक थांबला की सगळ्यांनी थांबायचं, इचारायचं न्हाय. एका रविवारी अक्कलकोटला जाताना अण्णांच्या फियाटनं वाटंत इतक्या वेळा दम टाकला की आमी पोचलो तवा मठातलं जेवन संपलं हुतं. कुनी तोंडातनं शब्द काढला न्हाय. रस्त्याच्या कडंला बसून कडक भाकरी आनि शेंगाचटनी खाल्ली. ते जेवन मी आजून इसरलो न्हाय.

माझ्या बायकोचं अपेंडिक्स फुटायला आलं तवा पेठेतल्या गल्लीत रिक्षा शिरंना. मामांनी अँबॅसिडर उलटी आत घातली. दोनी भिंतींना आरसे घासले, पन बायको येळंवर पोचली. आरशांचं मामा कदी बोलले न्हाईत. मीबी इचारलं न्हाय.

मग मामी गेल्या. मामांचं काळीज कमजोर झालं. पोरगा सिद्धार्थ कोकनात, देवगडच्या अलीकडं मास्तर हाय, तो त्यांना घिऊन गेला. गाडी माझ्या शेडात राहिली. मी तिला नवीन कव्हरं शिवली आनि रविवारी पेठेत एक चक्कर मारायचो, दुसऱ्या गिअरात.

आनि मग सिद्धार्थचा फोन आला. आप्रेशन करायलाच पायजे म्हनून डाक्टरनं सांगितलंय. गोव्याच्या दवाखान्यात तारीख मिळालीय, ही चुकली तर पुढची कदी मिळंल सांगता येत न्हाय, आनि तवर बाबा... ॲम्बुलन्स बोलवली तर मामा खांबाला धरून बसले म्हनं. मी आयुष्यभर लोकांना बसवून नेलं, मला कुनी झोपवून न्यायचं न्हाय. जाईन तर माझ्या गाडीत जाईन.

म्हंजे गाडी तितं पोचली पायजे. येळंत आनि धड.

गॅरेजात बैठक बसली. चाव्या माझ्याकडं हुत्या, तवा मी म्हनलो, अँबॅसिडर मी नेतो. मला वाटलं कुनीतरी न्हाय म्हनंल. कुनीच म्हनलं न्हाय.

सांगोल्याकडनं मिरजेला

मी पुढं, शेजारी अण्णा. अण्णांच्या डोळ्याचं आप्रेशन नुकतंच झालंय, त्यांना चालवता येत न्हाय. त्यांची फियाट घिऊन दस्तगीरभाई मागं, डिकीत त्याचं निम्मं गॅरेज. अण्णांनी टावेलांचा गठ्ठा घेतला हुता. जिथं थांबू तिथं चहावाल्यापासनं पंक्चरवाल्यापर्यंत एकेकाला टावेल द्यायचे. मी इचारलं, कशापायी? तर म्हनले, आपलं काय झालं तर वळखीची मानसं असावीत रस्त्यात. हे त्यांनी सांगोल्यातच सांगितलं. अजून निम्मा रस्ताबी झाला न्हवता.

मिरजेत उसाचे ट्रॅक्टर. दोन दोन ट्रॉल्या, मागं दिवा न्हाय, गाणं मात्र हाय. आमच्याकडं रस्ता रिकामा, नजर जाईल तितवर कुसळं. हितं रस्त्यावर ऊस, कडंला ऊस, ढाब्यावर इचारलं तर ग्लासात पन ऊसच.

तितंच फोन वाजला. सिद्धार्थ म्हनला, काल रात्री बाबांना लई दम लागला, डाक्टरांनी घरी येऊन इंजेक्शन दिलं. तुमी सावकाश या, पन या.

सावकाश आनि लवकर, दोनी कसं करायचं ते मला समजंना. तिथनं पुढं फोन नुसता खिशात थरथरला तरी माझा पाय ब्रेकवर जायचा. अण्णा म्हनले, फोन माझ्याकडं दे. मग वाजला की अण्णांचा पाय जायचा, त्यांच्या पुढं ब्रेक न्हाय तरी.

राधानगरी

कोल्हापूर मागं टाकून राधानगरीत मुक्काम केला. खानावळीत तिखट मागितलं तर मालकानं आमच्या नंबर प्लेटीकडं बघून म्हनलं, सोलापूरचं हाय का, मग तुमाला हे गोड लागंल. व्हय, लागलं. अण्णांनी त्याला टावेल दिला.

जेवताना दस्तगीरभाईनं एक गोष्ट सांगितली. गडी एरवी बोलत न्हाय, म्हनून ध्यान देऊन ऐकली पायजे हुती. तो म्हनला, "सुन शिवा, कल घाट उतरना है. उतार पो न्यूट्रल नक्को करना. दुसरे गेअर में बैठ के उतर, बैलगाडी के जैसा."

मी म्हनलो, भाई, मला शिकवतोस काय. आनि भाजी मागितली.

आमच्याकडची एक खोड हाय, ती सांगतो. सोलापुरात उतार म्हंजे उड्डानपुलाचा. तेवढाच. पूल चढला की गाडी न्यूट्रल करायची, पेट्रोल वाचतंय, खाली सिग्नलपर्यंत आपोआप जाती. मामा एसटीचे, ते कदी करायचे न्हाईत. पन आमी बाकीचे सगळे करतो. हाताला इतकी सवय झालीय की उतार दिसला की हात आपला आपन गिअरवर जातो.

दाजीपूर

सकाळी निघालो तर धुकं. तसलं धुकं मी बघितलं न्हवतं. आमच्याकडं हिवाळ्यात पडतंय ते वाफेसारखं, उनं आली की जातंय. हे कापसासारखं, हात घातला तर हाताला लागंल असं. बॉनेटच्या पुढचं काय दिसंना. दोनी बाजूला झाडी, आनि आमी माळावरची मानसं. आमाला झाड म्हंजे बाभळ. इतकी झाडं एकाच जागी बघून मला गर्दीत चुकल्यासारखं झालं.

मधीच पुढं काळं काहीतरी आडवं. मला वाटलं बंद पडलेला ट्रक. हॉर्न दिला. ट्रकनं मान वळवली.

गवा हुता. येवढा, की काच त्याच्या पोटानंच भरली. पायात पांढरे मोजे घातल्यासारखे. अण्णा कुजबुजले, तू मेंढरातला मानूस, कायतरी कर. मीबी अक्कल गहान टाकली आनि काच खाली करून मेंढरं हाकताना घालतो तसली हाळी घातली. गवा चार पावलं आमच्याकडं आला. त्यानं बॉनेटवर श्वास सोडला, काचंवर वाफ आली. मी काच वर करायला लागलो, तर हँडल हातात निघून आलं. त्या येळी मला मेंढरांची, आईची, बायकोची, सगळ्यांची आठवन झाली. दस्तगीरभाईनं मागं इंजन बंद केलं, दिवे घालवले. मीबी तेच केलं. कुनी हललं न्हाय. मग गवा कटाळून निघून गेला.

आमी तितंच बसून राहिलो. अण्णा म्हनले, गाडी चालू कर. मी म्हनलो, करतो, पाय थांबू दे.

घाट

फोंडा घाट तिथनंच सुरू हुतो. एका वळनाला धुकं वाईच फाटलं आनि खाली दिसलं. तितं जमीन न्हवतीच. लई खोल हिरवं, आनि त्याच्या तळाला दोऱ्यासारखा रस्ता. मला वाटलं तो दुसराच कुठला रस्ता असंल. अण्णा म्हनले, तोच आपला.

उतार लागला. आनि हात आपला आपन गेला.

मला ठावं न्हवतं असं म्हनत न्हाय. हात गेला, गाडी ढिली झाली, इंजनचा आवाज बसला. पयल्यांदा बरं वाटलं. कसं शांत चाललंय म्हनून मी अण्णांना हसून दाखवलं. ब्रेक धरत, सोडत, धरत एक वळन, दुसरं वळन. मग सोडायला फुरसत मिळंना. नुसता धरूनच बसलो. मग वास आला. आधी मला वाटलं कुनी रान पेटवलंय. तो वास आमचाच हुता.

मागनं दस्तगीरभाईचा हॉर्न सुरू झाला, थांबायचं नाव न्हाय. मला वाटलं ह्याला पुढं जायचं असंल. मी हात भाईर काढून त्याला साइड दिली.

पेडल आत गेलं. दर वेळी थोडं धरायचं, ह्या वेळी खालच्या पत्र्यालाच टेकलं. मी पुन्यांदा दाबलं, तर पाय हवेत. अण्णा आतापर्यंत तेलुगूत मेल्लगा मेल्लगा म्हनत हुते, म्हंजे हळू हळू. आता त्यांनी टावेलांचा गठ्ठा छातीशी आवळला. समोरनं चिऱ्याचा ट्रक चढत हुता. मी त्याला कसा चुकवला ते मला ठावं न्हाय, अण्णांनाबी न्हाय, त्यांचे डोळे मिटलेले हुते.

खिशात न्हाय, अण्णांच्या मांडीवर फोन वाजायला लागला.

तेवढ्यात फियाट शेजारी आली. तसल्या रस्त्यात, खोल दरीच्या अंगानं. दस्तगीरभाईची काच खाली, तोंड माझ्याकडं. ओरडला न्हाय, गॅरेजात पाना मागतो तसं म्हनला. "रेस दे. रेस देके तिसरा डाल."

मी रेस दिली, दांडी ओढली. गिअरबॉक्स असा करकरला की मामांच्या काळजाला तिकडं कळ गेली असंल. गेला न्हाय. पुन्यांदा रेस, पुन्यांदा ओढला. गेला. गाडीला मागनं कुनी धरल्यासारखा हिसका बसला, अण्णांचं डोस्कं पुढं आपटलं. भाईनं सांगितलं तसा मग दुसरा टाकला, हातब्रेक ओढला, आनि डावीकडं डोंगराच्या अंगाला पावसाच्या पान्याची चारी हुती तिच्यात चाकं घातली. मडगार्ड लाल दगडाला घासत घासत गेलं आनि गाडी थांबली.

फोन आजून वाजत हुता. आमी तिघं गाडीला टेकून उभं, चाकांतनं धूर निघतोय, आनि तिघंबी त्या फोनकडं बघतोय. घ्यायचं धाडस कुनाला हुईना. सिद्धार्थचं नाव दिसत हुतं. वाजून वाजून बंद पडला. पुन्यांदा वाजला. दस्तगीरभाईनं घेतला. तो नुसता हौ, हौ म्हनत राहिला. त्याच्या तोंडावरनं काय कळायचं न्हाय, तो नवीन गाडी बघून पन तसंच करतो.

फोन ठेवून म्हनला, "मामा पूछरे, घाट उतरे क्या. बोला मैं, उतररे."

मी चारीच्या काठावर बसलो आनि रडलो. कशापायी ते इचारू नका. अण्णांनी टावेल दिला.

घाटाखाली

ब्रेक थंड झाल्यावर भाईनं पेडल दाबून बघितलं, थोडं आलं हुतं. दुसऱ्या गिअरात, बैलगाडीसारखं खाली आलो. पायथ्याला एक टपरी. तितल्या म्हाताऱ्यानं वासावरनंच वळखलं. म्हनला, "बिरेक जळले मां? थंड होवंदेत. पानी मारू नकात." मी कळशी उचललीच हुती, ती ठेवली. अण्णांनी त्याला दोन टावेल दिले.

मी चाव्या भाईपुढं धरल्या. म्हनलो, आता हितनं पुढं तूच चालव, मला शिटात बसवत न्हाय. भाईनं चाव्या घेतल्या न्हाईत. म्हनला, अण्णाके फियाट का क्लच तेरेकू जमता नहीं, तू वोहीच चला. म्हंजे मला अँबॅसिडरबिगर इलाज न्हवता. इतकं साधं कारन सांगितलं म्हनून मी बसलो. चांगलं काय बोलला असता तर मी तितंच राहिलो असतो.

कोकन मला त्या दिवशी दिसलंच न्हाय. नारळाची झाडं हुती असं अण्णा सांगतात.

मामांच्या दारात

मामा पडवीत खुर्चीवर बसले हुते. मी वळखलं न्हाय पयल्यांदा. सदऱ्याची कॉलर गळ्याभवती ढिली, पाय सुजलेले. मामा एसटीच्या गाडीत चढायचे तर गाडी हलायची. आता खुर्चीबी हलत न्हवती.

सिद्धार्थनं आमाला बाजूला घिऊन सांगितलं, "काका, बाबा रात्री आडवेच होत नाहीत. दम लागतो. असेच बसून रात्र काढतात, झोप नाही." मग म्हनला, त्यांना सांगू नका पन मलाबी झोप न्हाय.

मामा पोराच्या खांद्यावर हात ठेवून गाडीभवती फिरले. चाकाला हात लावला. वास घेतला. मडगार्डच्या पोच्यावर बोट फिरवलं, लाल माती बोटाला लागली, ती बघितली. मी सुरू झालो. धुकं कसं हुतं, गवा कसा आला, ट्रक कसा चुकवला. मी नसतो तर गाडी आज दरीत असती, हेबी म्हनलो. दस्तगीरभाई खोकला. मामांनी मागचं दार उघडून माझ्या कव्हरांच्या शिवनीवर हात फिरवला आनि दार लावलं. एवढंच.

संध्याकाळपर्यंत भाई चाकं काढून ब्रेक करत बसला. सिद्धार्थच्या बायकोनं उकड्या तांदळाचा भात आनि माशाचं कालवन वाढलं. अण्णा आनि मी भाकरी हुडकत हुतो. कोकनात जेवनाच्या शेवटी ताकाच्या जागी गुलाबी सोलकढी देत्यात. आमचं पोट आपलं ज्वारीचं, त्याला काय कळंना, पन त्या दिवशी मला कशाचीच चव न्हवती.

जेवन झाल्यावर मी मामांच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसलो. घाटात फोन वाजत हुता तवापासनं मनात हुतं, ते इचारलं.

"मामा, भ्या वाटतंय का?"

"वाटतंय की."

मी कायतरी इनोद करनार हुतो. त्याच्या आधीच मामा म्हनले, "तुला घाटात वाटलं का?"

"लई."

"मग बस हितंच," मामा म्हनले. मी बसलो. तिथंच भिंतीला टेकून मला झोप लागली. त्यांना लागली न्हाय.

सकाळ

उजाडताच निघायचं ठरलं. फियाट सिद्धार्थच्या अंगनात ठेवायची, सगळ्यांनी अँबॅसिडरमधी जायचं. मामांनी घडीचा सदरा घातला. सिद्धार्थनं दवाखान्याची पिशवी डिकीत टाकली, हात धरून मामांना पुढच्या सीटवर बसवलं, सीट थोडी मागं कलती केली, दोन उशा लावल्या. मामांनी डोळे मिटून एकदा श्वास घेतला. रेक्झिनचा, पेट्रोलचा, कशाचा ते त्यांनाच ठावं. मला एकदम वाटलं आता हे उतरतो म्हनतील. सिद्धार्थनंबी माझ्याकडं बघितलं. त्यालाबी तेच वाटलं असनार.

मी वातावरन हलकं करायला म्हनून ष्टेरिंगच्या बाजूचं दार उघडलं, चाव्या वाजवल्या आनि म्हनलो, मामा, घाट उतरवला तसा गोवाबी दाखवतो बगा तुमाला, सांगा, हळू का जोरात.

मामांनी डोळे उघडले न्हाईत.

"दस्तगीर, तू बस ष्टेरिंगवर," ते म्हनले. "शिव्या, तू मागं मधी बस. आनि तोंड बंद ठिव, मला झोपायचंय."